फौजदार रजेवर

"अंगावर पाजतेस ना? मग तू रोजा धरायचा नाहीस. पाजणारीला सूट असते," गणितबाई म्हणाल्या.

"सूट तुम्हाला, बाई," मी म्हटलं. "मी कुठे तुमच्यातली? मला सूट कोण देणार?"

त्या हसल्या, मीही हसले आणि विषय तिथेच संपला. रमजान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी स्टाफरूममधल्या सूचनाफलकासमोर उभ्या होतो. फलकावर नवं वेळापत्रक लागलं होतं. तास छोटे, शाळा लवकर सुटणार, आणि ज्यांचा रोजा नाही अशा शिक्षकांनी डबा प्रयोगशाळेमागच्या खोलीत खावा, दाराला पडदा लावला आहे.

गणितबाई आमच्याच भाषेच्या. या परक्या मुलखात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की बाजारात त्या इथल्या भाषेत भांडायच्या आणि चिडल्या की मात्र मराठीवर यायच्या. तीन मुलं वाढवून मार्गी लावलेली, आवाज खणखणीत. त्यांच्यापुढे मी कालची पोर. नवऱ्याची नोकरी इथे लागली म्हणून आले आणि शाळेत भूगोल शिकवायला लागले. नवरा लिफ्टच्या कंपनीत. कुठल्या ना कुठल्या इमारतीत कोणीतरी मधल्या मजल्यावर अडकलेलं असतं आणि याचा फोन वाजत असतो. मुलगी इथेच झाली. रजा संपली तेव्हा ती धड मान सावरायला लागली नव्हती.

तिला आम्ही घरात फौजदार म्हणायचो. भूक लागली की असा हुकूम सुटायचा की खालचा वॉचमन मान वर करून बघायचा. दिवसा तिला खालच्या मजल्यावरच्या काकू सांभाळत. त्याही आपल्याकडच्याच. मी शाळेतल्या प्रथमोपचाराच्या खोलीत बसून पंपाने दूध काढायचे, सकाळी ते बाटल्यांतून काकूंकडे पोचवायचे. घरी आले की दप्तर खाली ठेवायच्या आधी फौजदार माझ्या मांडीवर.

आता रोजा का धरला, ते सांगते. पहिल्या दिवशी मी पडद्यामागच्या खोलीत गेले होते. सात डब्यांचा वास एकमेकांत मिसळलेला, पंखा बंद आणि प्रत्येक जण चोरी केल्यासारखा भराभर गिळतोय. नंतर वर्गात गेले तर पुढच्या बाकावरच्या मुली, आयुष्यातला पहिला रोजा, ओठ सुकलेले, पण ऐट केवढी! मी फळ्याकडे तोंड करून बाटलीतलं पाणी प्यायले आणि मागून एक बारीक आवाज आला, "टीचर, तुम्ही बिनधास्त प्या, आम्हाला काही होत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हे झालं वरवरचं कारण. खरं म्हणजे मला वाचायचं होतं.

डब्याच्या सुट्टीत गणितबाई लायब्ररीत जाऊन बसायच्या. खिडकीशेजारची खुर्ची त्यांची. मांडीवर त्यांचा धर्मग्रंथ, ओठ किंचित हलताहेत. शेजारची खुर्ची रिकामी. फौजदार जन्मल्यापासून मी औषधाच्या बाटलीवरचा कागद सोडून काही सलग वाचलं नव्हतं. सामानातून हौसेने आणलेल्या जाडजूड कादंबऱ्या पलंगाखालच्या बॅगेत तशाच. जेवायचंच नाही म्हटलं की सबंध सुट्टी मोकळी. दुसऱ्या दिवशी मी एक कादंबरी घेऊन त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. पोस्टात काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट होती, लांबच लांब. गणितबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"डबा?"

"नाही आणला."

"अगं ए, मी काय म्हटलं होतं?"

"एक दिवस बघते ना, बाई. तुमच्या सोबतीला."

सोबतीला म्हटलं की गणितबाई विरघळतात. त्यांची तिन्ही मुलं आता वेगवेगळ्या देशांत आहेत.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "तू? आपला उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. तू पाण्याशिवाय राहणार? चार वाजता फतकल मारून बसशील."

त्याने असं म्हणायला नको होतं. एक दिवसाचे दोन झाले, दोनाचे रोजचेच झाले. पहाटे उठून खातात, सहेरी म्हणतात त्याला, हे मला माहीत होतं. पण ते मला कसंसंच वाटायचं, परीक्षेच्या आधी तळहातावर उत्तरं लिहून नेल्यासारखं. धरायचा तर पूर्ण धरावा, असा माझा शहाणपणा. शिवाय पहाटेची झोप मोडवत नव्हती. म्हणजे संध्याकाळी जे खाईन, पिईन तेवढंच. गणितबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या धरून चालल्या होत्या की मी सहेरीला उठते, दूध पिते, पोटभर खाते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि काय सांगू, सगळे माझ्याशी इतके चांगले वागायला लागले! जन्मात कोणी माझे एवढे लाड केले नव्हते. काकू म्हणायच्या, "उपाशी माणसाला ताप देऊ नये गं." मी फौजदारला घ्यायला गेले की तिला स्वच्छ पुसून, पावडर लावून माझ्या हातात द्यायच्या. नवऱ्याने लंगोट बदलायचं खातं स्वतःकडे घेतलं. "राणीसाहेबांचा रोजा आहे," तो काकूंना म्हणायचा. पहिले दोन-चार दिवस चेष्टेत म्हणायचा, मग खरंच कौतुकाने. सासूबाईंना फोनवर मी काही सांगितलं नव्हतं, त्याने सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळाकडे लक्ष असू दे." सासवा असं म्हणतातच, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

तशी मी बिनधास्त आई नव्हे. कोणाला विचारा. झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी मी. काकूंनी तिला कोणत्या कुशीवर निजवलं, हे फोन करून विचारणारी. तिला शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधायचे. नवरा म्हणायचा, तुला शाळेत नाही, सीमेवर ठेवायला हवं.

त्याच सुमारास फौजदारचा आवाज उतरला.

एकदम नाही. आधी हुकुमाची कुरकुर झाली, मग कुरकुरीचं कण्हणं. घरी आल्यावर मी तिला घ्यायचे, ती थोडं ओढायची आणि माझ्या दंडावर डोकं टाकून झोपून जायची. आठवड्यापूर्वी मला याच झोपेसाठी नवस बोलावासा वाटत होता. तिला शेजारी निजवायचं, पाठीला उशी लावायची आणि पोस्टातल्या बाईचं पुढचं प्रकरण काढायचं. दुपारचं ऊन पडद्याबाहेर, आत पंखा, पोटात ती भुकेची हलकी, स्वच्छ पोकळी. डोकं कसं लख्ख व्हायचं. वाक्यं आत जायची ती थेट. मला वाटायचं, मी परत मी झाले.

आईचा फोन आला. "रडत नाही का गं आता? मागून आवाज येत नाही."

"नाही गं, झोपते छान."

"गुणी झाली हो माझी बाय!"

नवरा कामावरून आला की बूट काढता काढता कानोसा घ्यायचा. "काय, फौजदार रजेवर?"

"कायमची रजा घेतली तर बरं," मी म्हटलं होतं. पुस्तकातून डोकं वर न काढता.

ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

पंपाने निघणारं दूध कमी झालं होतं, हे मला दिसत होतं. पहिल्यांदा बाटली अर्धीच राहिली तेव्हा मी घाबरले आणि काकूंना म्हटलं, हिला पुरतंय का? काकू म्हणाल्या, "अगं, तेवढंही संपवत नाही ती." झालं. माझं गणित सुटलं. तिची भूक कमी, म्हणून माझं दूध कमी. निसर्ग किती हिशेबी, नाही का! हे गणित उलट्या बाजूने मांडून बघावं, असं भूगोलाच्या बाईला सुचलं नाही. आणि बाटली तोंडात धरली की पोर ओढतच नाही, ओठांतून दूध बाहेर येतं, हे काकूंनी सांगितलं नाही. रोजा आहे बिचारीचा, कशाला जिवाला घोर, म्हणून.

त्या दिवशी शाळेत लाइट गेली होती आणि लायब्ररीत नुसता उकाडा. गणितबाईंना भोवळल्यासारखं झालं म्हणून त्या लवकर घरी गेल्या. दुपारी मी फौजदारला घेऊन वर आले, तिला निजवलं आणि वाचत बसले. कादंबरी शेवटाकडे आलेली. थोडं राहिलं होतं, तेवढ्यात बेल वाजली. मला चक्क राग आला.

दारात गणितबाई. हातात खजुराचा डबा, कपाळाला घाम. "मुलाने पाठवलेत. म्हटलं, रोजा सोडायच्या आत पोचवावेत. घाबरू नकोस, मी आता ठीक आहे. आणि तुझी लेक दाखव. रोज नुसतं ऐकते, फौजदार फौजदार."

"झोपलीय."

"मग झोपलेली बघते."

त्या आत आल्या. पलंगाजवळ उभं राहून कौतुकाने बघायला लागल्या आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं. त्यांनी तिच्या पायाच्या तळव्याला टिचकी मारली. फौजदारने डोळे उघडले, अर्धेच. अनोळखी चेहरा इतका जवळ आला की एरवी इमारत डोक्यावर घेतली असती. तिने नुसतं बघितलं, तेही गणितबाईंच्या पलीकडे कुठेतरी.

"ही अशीच असते?"

"शांत झालीय हल्ली."

गणितबाई मोरीत गेल्या, हात साबणाने धुऊन आल्या आणि करंगळी तिच्या तोंडात घातली. बाहेर काढून मला दाखवली. करंगळी कोरडी होती. मग माझा हात धरून तिच्या टाळूवर ठेवला. तिथे बोटांखाली खळगा लागला, वाटीच्या तळासारखा. मी त्या डोक्याला रोज तेल लावायचे. पण हल्ली तेही काकूच लावत होत्या.

"लंगोट कधी ओला केला होता?"

"काकू बदलतात... म्हणजे दिवसा काकू, संध्याकाळी हा."

"फोन लाव."

काकूंना लावला. "आज? नाही बाई, आज कोरडंच होतं. कालही कोरडंच. मला वाटलं, तुझा नवरा सकाळी बदलूनच आणतो."

नवऱ्याला लावला. तो कुठल्याशा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, आवाज घुमत होता. "मी? मी बघितलं तर कोरडंच असायचं. म्हटलं, काकूंनी आत्ताच बदलला असेल. का गं? काय झालं?"

गणितबाईंनी तिला दुपट्यात गुंडाळलं, माझ्या चपला माझ्यापुढे सरकवल्या. लिफ्ट वर यायला जो वेळ लागला त्यात मी मनातल्या मनात नवऱ्याच्या कंपनीला, काकूंना, गणितबाईंना, साऱ्या जगाला शिव्या घातल्या. मग स्वतःकडे वळले, तेवढ्यात दार उघडलं.

रस्ता गच्च भरलेला. रोजा सोडायला घरी पोचायची सगळ्यांना घाई, टॅक्सी मुंगीच्या पावलाने सरकतेय. फौजदार माझ्या मांडीवर, डोळे उघडे आणि खोल. मी तिला घेतलं छातीशी, पण तिने तोंडच उघडलं नाही.

"तू सहेरीला काय खातेस?" गणितबाईंनी विचारलं.

"मी... सहेरीला उठत नाही."

"म्हणजे?"

"उठतच नाही. रात्री जेवते तेवढंच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. टॅक्सीवाल्याला त्यांनी काहीतरी सांगितलं. त्याने समोरची पाण्याची बाटली मागे दिली. त्याचाही रोजा होता, बाटली सीलबंद होती.

"पी."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या इमारतींवर अजून ऊन होतं. आणि माझ्या तोंडून गेलं, खरंच गेलं, "बाई, अजून वेळ आहे ना थोडा?"

"कसला वेळ?" गणितबाई ओरडल्या, टॅक्सीवाला दचकला. "कुणी सांगितलं होतं तुला? ज्यांचा रोजा आहे त्यांनाही जे सांगितलेलं नाही, ते तू करत बसलीस? लेकरू पाजणारी, पहाटे घास नाही, घोट नाही! देवाने सूट दिली, ती ही परत करतेय! अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पी आधी. तू प्यालीस तर तिला मिळेल."

मी प्याले. पाणी घशातून खाली जाताना दुखलं. गणितबाईंनी तोंड फिरवलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले, लायब्ररीत हलायचे तसेच. इतके दिवस मी त्यांच्या शेजारी बसून माझी पानं उलटत होते. त्या काय मागतात, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला कळत होतं, शब्द न कळताही.

दवाखान्यात तिला माझ्या हातातून घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर विचारत होत्या. किती वेळा पाजलं, किती वेळा शी, किती वेळा शू. मी काकूंचा नंबर काढून फोन त्यांच्यापुढे धरला. बारीकशी शीर सापडेना. हाताला टोचलं, पायाला टोचलं, आणि फौजदार रडली नाही. सुई लागूनही रडली नाही. तोंड वाकडं केलं फक्त, आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. शेवटी सलाईन लागलं. "बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ताच काही सांगत नाही."

नवरा आला तो ग्रीसने माखलेला, थेट खड्ड्यातून. काचेतून त्याने तिला बघितलं. मग बाकावर बसलेल्या गणितबाईंकडे बघून मला म्हणाला, हळू, पण ऐकू जाईल असं, "कुणाकुणाच्या नादाला लागायचं, याला काही सुमार?"

गणितबाईंनी मान खाली घातली. मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं, आणि क्षणभर मला ते सोयीचं वाटलं.

"त्यांनी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. मी ऐकलं नाही. आणि फतकल मारशील असं तू म्हणाला होतास."

तो भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने गणितबाईंसाठी पाण्याचा ग्लास भरून आणला. बाहेर केव्हाच अंधार पडला होता. त्यांनी आपला रोजा अजून सोडला नव्हता, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी म्हटलं खरं," पाणी पिऊन झाल्यावर गणितबाई म्हणाल्या. "मग थांबले. रोज शेजारी बसायचीस. तुझे ओठ फुटलेले दिसत होते मला. पण सोबत मिळाली होती ना! मला वाटलं, जास्त खोदून विचारलं तर उठून जाशील."

नर्स बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक लंगोट होता. तिने तो आमच्यापुढे धरला. जड, ओला, पिवळा. नवऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला, बक्षीस घ्यावं तसा, आणि हमसून रडायला लागला. नर्सला हसू आवरेना. मला हसता आलं नाही, रडताही आलं नाही. मी फक्त विचारलं, "परत करेल ना? परत करेल ना अजून?"

फौजदार घरी आली. आता वरचं दूधही घेते, माझंही. आवाज परत आलाय, पण पूर्वीइतका नाही. की माझेच कान पूर्वीसारखे राहिले नाहीत, कोण जाणे. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं ठीक आहे, वजन भरतंय. मी मान डोलावते आणि घरी येऊन टाळू चाचपते. ती गाढ झोपली की मला धडकी भरते. झोपेतून उठवते, ती किंचाळते, नवरा चिडतो, मी ऐकत बसते. गणितबाई रोज शाळा सुटल्यावर वर येतात, बेल न वाजवता दार ठोठावतात, आधी तिच्या तोंडात करंगळी घालून बघतात आणि मग माझा चेहरा. रोजा सोडतात त्या आता आमच्याकडेच. मी त्यांच्यासमोर दिवसाढवळ्या बसून जेवते. त्या वाढतात.

हे वाचता आहात, म्हणजे तुमच्याकडे थोडा वेळ आहे. मग एक काम करा माझं. तुमच्या जिन्यात, तुमच्या ऑफिसात, नात्यात एखादी असेल, नुकतीच बाळंत झालेली, माहेर लांब. रोजाच असायला हवा असं नाही. वजन उतरवायचं म्हणून, व्रत म्हणून, कामाच्या धबडग्यात, काहीही करून उपाशी राहणारी. सगळे जिचं कौतुक करतात अशी. तिला फोन करू नका, फोनवर ती छानच आहे म्हणेल. जा तिच्याकडे. बाळ झोपलं असेल तर उठवायला सांगा, वाईटपणा आला तरी घ्या. लंगोटाला हात लावून बघा. कोणी बदलला, कधी, ते एकाच माणसाला नको, घरातल्या सगळ्यांना विचारा. आणि तिला विचारा, बाई गं, तू आज काय खाल्लंस? तिने काही सांगितलं तरी परत विचारा.

आजच जमेल का?